गुडघा फक्त उतरतानाच का दुखतो? (मदत हवी आहे)

भटक्या_८९: दर रविवारी सिंहगड. चढताना काही नाही, उतरताना अर्ध्या वाटेत गुडघा बोंबलायला लागतो. चढायलाच जास्त जोर लागतो ना, मग असं उलटं का? लिगामेंट आहे की स्नायू? पंधरा दिवसांनी राजगड ठरलाय, लवकर सांगा.

नाना_पर्वती: कुठला गुडघा? आतून, बाहेरून की वाटीखाली? सूज येते? वय?

भटक्या_८९: उजवा. सूज नाही. वयाचा काय संबंध?

कोथरूडकर: आतकरवाडीची वाट की गाडीरस्ता? गाडीरस्त्याने उतरत जा. आणि वर दही कोण चांगलं देतं हल्ली?

बटवा: रात्री कोमट एरंडेल चोळा. सासूबाई त्यावर पर्वती चढायच्या.

फिजिओताई: चोळून बरं वाटतं, पण तेल लिगामेंटपर्यंत पोचत नाही हो. भटक्या, चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच ताणला जात असतो, आणि ताणला जाताजाताच वजन धरून ठेवतो. विहिरीत भरलेली बादली हळूहळू सोडून बघा, दोर हाताला कसा कापतो. लिगामेंट हाडाला हाड बांधतं, ते स्वतःहून ओढत नाही. स्नायू थकले की धक्का सांध्यावर जातो.

बटवा: म्हणजे आमच्या सासूबाई खोट्या?

फिजिओताई: मी असं कुठे म्हटलं?

नाना_पर्वती: सोपा उपाय, दोन काठ्या घ्या. मी सत्तरीत घेतोय. बूट मात्र एक नंबर मोठा.

भटक्या_८९: बूट नकोत, आहेत माझ्याकडे. दुखतं खोल आत, आणि कधीकधी पाय एकदम सटकल्यासारखा होतो. गेल्या वर्षी बॅडमिंटन खेळताना मुरगळला होता, कट् आवाज आला होता. पण ते बरं झालंय.

फिजिओताई: हे आत्ता सांगताय? त्याच दिवशी सुजला होता?

भटक्या_८९: संध्याकाळपर्यंत फुग्यासारखा.

फिजिओताई: मग राजगड राहू द्या. नडगीचं हाड पुढे सरकू न देणारं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. सपाटीवर मांडीमागचे स्नायू सांभाळून घेतात म्हणून कळत नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते हातानेच नडगी पुढे ओढून बघतील. लागला तर एमआरआय.

बटवा: तोवर एरंडेल.

कोथरूडकर: भटक्या, राजगडच्या गाडीत तुमची जागा रिकामी झाली का?