स्थलांतरितांचं आरोग्य : आधी कागदपत्रं की आधी बाई असणं?

कायदेपंडित
माझं मत सरळ आहे : स्थलांतरित पुरुष आणि बायकांना आरोग्यसेवा मिळण्यात जी दरी आहे, ती मुळात कायदेशीर दर्जाची. स्पेनने 2012 मध्ये कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची नेहमीची सरकारी सेवा काढून घेतली, तातडीचे उपचार आणि बाळंतपण तेवढं ठेवलं. 2018 मध्ये हक्क परत दिला. दार कायद्याने बंद होतं, कायद्यानेच उघडतं. बाई-पुरुष हा दुय्यम मुद्दा.

तिरकस
असहमत. तुमच्याच उदाहरणात बाईला हक्क मिळाला तो बाळंतपणापुरता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, थायरॉइड, नैराश्य यांचं काय? आणि कागद असले तरी कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या बाईचा विमाही बऱ्याचदा त्याच्याच नोकरीला बांधलेला असतो. काडीमोड झाला की दोन्ही धोक्यात. मारहाणीचं डॉक्टरला सांगावं, तर दुभाषा म्हणून शेजारी बसलेला तोच!

कायदेपंडित
अहो, इंग्लंडमध्ये घरगुती हिंसेमुळे लागणारे उपचार परदेशी व्यक्तीलाही निःशुल्क आहेत. कायदा बाईचा विचार करतो की.

तिरकस
त्याच इंग्लंडमधलं बाळंतपण बघा. पैशांसाठी सेवा नाकारता किंवा लांबवता येत नाही, हे खरं. पण मोफत सेवेला पात्र नसलेल्या बाईला नंतर ठरलेल्या दराच्या 150 टक्के बिल येतं. 500 पौंड किंवा जास्त थकबाकी दोन महिने राहिली, तर गृहखात्याला कळवता येतं आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. या धास्तीने दहाव्या आठवड्यापर्यंत व्हायला हवी ती पहिली तपासणी लांबते; रक्तक्षय, रक्तदाब, एचआयव्ही उशिरा कळतात. कायद्यात दार उघडं, उंबऱ्यावर बिल.

आकडेमोड
दोघांचंही गणित कच्चं आहे. व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी आणि नोकरीची निवड यांतून धडधाकट माणसं पुढे येतात, म्हणून नवे स्थलांतरित स्थानिकांपेक्षा निरोगी दिसतात. मागून आलेली बायको त्याच चाळणीतून गेलेली नसते. दोघांची सरासरी काढली की तिचा त्रास गडप. शिवाय आजारी पडलेला मायदेशी परततो, तिकडेच मरतो. इकडच्या मृत्यूनोंदीत तो नसतोच. तेव्हा लिंग आणि दर्जा वेगवेगळे मोजून बेरीज करू नका. चार गट पाडा (कागद असलेले आणि नसलेले पुरुष, कागद असलेल्या आणि नसलेल्या बायका), येऊन किती वर्षं झाली तेही धरा. आणि पुरुषांना सूट नको : बांधकामावरची धूळ, उन्हातलं काम त्यांच्याच वाट्याला जास्त.

तिरकस
गट पाडा, मान्य. पण रुग्णालयाच्या नोंदींवरून पाडाल, तर जी दारापर्यंत पोचलीच नाही ती कुठल्या रकान्यात?

कायदेपंडित
म्हणूनच म्हणतो, थकबाकी गृहखात्याला कळवायची तरतूद आधी काढा. फोनवरचा दुभाषा आणि नवऱ्याला बाहेर बसवून दहा मिनिटं, हे त्यानंतर उपयोगी.

तिरकस
दहा मिनिटं आजपासून देता येतात. त्याला कायदा बदलायची वाट कशाला बघायची?