कुत्र्यांचं आयुर्मान काढताना फक्त मेलेल्यांचं वय धरून चालेल का?

नवखा_आकडेवाला
दवाखान्यातल्या दहा वर्षांच्या नोंदींवरून जातवार आयुर्मान काढायचं आहे. मृत्यूची तारीख असलेल्या नोंदी वेगळ्या करून वयाची सरासरी घेतली, तर एका जातीचं आयुष्य जेमतेम पाच वर्षं येतं. शिवाय नसबंदी झालेले कुत्रे न झालेल्यांपेक्षा भलतेच जास्त जगलेले दिसतात. दोन्ही पटत नाही. गडबड कुठे आहे?

जीवनसारणी
मेलेल्यांचीच सरासरी घेतली की जिवंत असलेले सगळे हिशोबाबाहेर जातात. जी जात अलीकडे लोकप्रिय झाली, तिच्यातले बहुतेक कुत्रे अजून तरुण आहेत. त्यामुळे त्यांच्यात झालेले मृत्यूही लहान वयातलेच असणार. २०२२ मध्ये ब्रिटनच्या व्हेटकंपास या पशुदवाखान्यांच्या नोंदसंग्रहावरून केलेल्या जीवनसारणीत (कोणत्या वयात किती मरतात आणि पुढे सरासरी किती जगतात याचा तक्ता) फ्रेंच बुलडॉगचं आयुर्मान ४.५३ वर्षं आलं, जॅक रसेल टेरियरचं १२.७२. बुलडॉगला श्वासाचा त्रास असतो हे खरं, पण एवढी तफावत एकट्या आजारांची नव्हे. ती सारणी मेलेल्या कुत्र्यांवरूनच केलेली होती.

प्रत्येक कुत्र्याची एक ओळ करा आणि तीन आकडे भरा: पहिल्या नोंदीच्या वेळचं वय, शेवटचं माहीत असलेलं वय, आणि मृत्यू झाला असेल तर १, नसेल तर ०. पहिला आकडा हमखास गाळला जातो. सहाव्या वर्षी पहिल्यांदा आलेला कुत्रा सहापर्यंत जगला म्हणूनच तुमच्या नोंदीत आला. त्याची आधीची सहा वर्षं मोजलीत तर आयुष्य उगाच फुगतं. 'आर' या आकडेवारीच्या संगणकभाषेतल्या सर्व्हायव्हल पॅकेजला हे तीन आकडे थेट देता येतात. कापलान-मायर वक्र (कोणत्या वयापर्यंत किती जण जिवंत राहतात ते दाखवणारी रेषा) काढा आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगतात ते वय, सांगा.

एक खाचखळगा: अगदी कोवळ्या वयात तुमच्याकडे दोनच पिल्लं नोंदलेली असली आणि दोन्ही दगावली, तर वक्र शून्यावर जातो आणि पुन्हा वर येत नाही. म्हणून पुरेशी संख्या असलेल्या वयापासून, समजा एक वर्षापासून, सुरुवात करा आणि निष्कर्षात 'एक वर्ष जगलेल्या कुत्र्यांचं' असं स्पष्ट लिहा.

सांख्यिकी_कट्टा
नसबंदीचं कोडं वेगळं आहे. पाचव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेला कुत्रा त्याआधी 'नसबंदी झालेला' म्हणून मरूच शकत नव्हता. ती पाच वर्षं त्या गटाला फुकटात मिळतात. ओळ तोडा: प्रवेशापासून पाचपर्यंत 'नाही', पाचपासून अखेरपर्यंत 'हो'. त्याच पॅकेजमधलं 'टीमर्ज' फंक्शन हेच करतं. एवढं करूनही थोडा फरक उरेल, कारण आजारी कुत्र्याची नसबंदी सहसा पुढे ढकलतात.

पशुवैद्यक_नोंदवही
'शेवटचं माहीत असलेलं वय' भरताना जपून. मालकाने फोन करून कळवलेला मृत्यू शेवटच्या भेटीनंतर आठ महिन्यांनी झालेला असतो, पण जिवंत कुत्र्याचा हिशोब मात्र शेवटच्या भेटीलाच थांबतो. म्हणजे भेटीनंतरचा मृत्यू मोजला जातो, भेटीनंतरचं जगणं नाही, आणि मृत्युदर चढा दिसतो. एक तारीख ठरवून सगळ्यांकडे फोनवर चौकशी करा. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांना 'जिवंत' समजू नका, शेवटच्या खात्रीच्या तारखेला थांबवा.

दयामरण हे कारण नाही, तो मृत्यूचा प्रकार आहे. त्याला स्वतंत्र रकाना द्या; कारणाच्या रकान्यात त्या निर्णयामागचा आजार लिहा. माणसांच्या मृत्यू प्रमाणपत्रात नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहून भागत नाही, त्यामागचा मूळ आजारही लिहावा लागतो. इथेही तसंच. अवयवसंस्था आणि प्रक्रिया (गाठ, संसर्ग, इजा) असे दोन रकाने केले तर पुढे गट पाडणं सोपं जातं.

नवखा_आकडेवाला
फोनचं काम मोठं आहे, पण करतो. कारणवार टक्केवारी दिली तर चालेल?

सांख्यिकी_कट्टा
वयोगटाशिवाय नको. संसर्गाने पिल्लं मरायची थांबली की कर्करोगाची टक्केवारी आपोआप वाढते, धोका तेवढाच असला तरी. प्रत्येक कारणाचा संचित धोका (अमुक वयापर्यंत त्या कारणाने मरण्याची शक्यता) काढा, पण इतर कारणांनी मेलेल्यांना 'हिशोबातून सुटलेले' धरून साधा कापलान-मायर लावू नका, धोका फुगतो. अनेक कारणं एकत्र हिशोबात धरणारी आलेन-योहानसेन पद्धत वापरा. त्याच पॅकेजमध्ये आहे. स्थितीच्या, म्हणजे वरच्या तिसऱ्या आकड्याच्या, रकान्यात ० आणि १ ऐवजी कारणांचा फॅक्टर (नावांच्या ठरावीक पातळ्या असलेला रकाना) द्यायचा, पहिली पातळी 'जिवंत'.