नेत्याच्या मांडवात जेवून त्याचीच बातमी कशी लिहिणार?

गोदाकाठ

नानावलीकर यांनी काल लिहिलं की पत्रकाराने नेत्याच्या घरचं लग्न, वाढदिवसाची मिसळ पार्टी, देवदर्शनाची सहल टाळावी हे सगळं पुस्तकी सोवळं आहे. नाशिकमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि ओळखीशिवाय बातमी हाताला लागत नाही. वाचून सोडून देणार होते, पण राहवलं नाही.

ओळख ठेवायला कोण नको म्हणतंय? मी महापालिकेची बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांचं काम, केली आहे. राजीव गांधी भवनात शिपायापासून अभियंत्यापर्यंत माणसं माहीत नसतील तर फाइल कुठल्या टेबलावर अडकली हेही कळत नाही. पण ज्याच्याविषयी लिहायचं त्याचे उपकार घेतले, की बातमी दुसऱ्या कुणी दाबावी लागत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीला नगरसेवकाच्या चिठ्ठीवर कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढे त्याच प्रभागातल्या नाल्यातून मैला थेट गोदावरीत जात असल्याचे फोटो याच्या हाती आले. माणूस प्रामाणिक होता, बातमी दिलीही. फक्त आधी साहेबांची बाजू घ्यायला फोन केला, साहेबांनी दोन दिवस मागितले, याने दिले. तेवढ्यात नाल्याच्या तोंडावर वाळूच्या गोण्या पडल्या, पाहणी उरकली, आणि बातमी छापून आली ती ‘जागेवर काही आढळले नाही’ या खुलाशासकट. पैशाचा संबंधच नव्हता. नगरसेवक अनोळखी असता तर त्याला संध्याकाळपर्यंतच वेळ मिळाला असता.

आता २०२७ चा सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, साधुग्राम, हजारो कोटींची कामं निघाली आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातली १,८०० च्या आसपास झाडं तोडायची पालिकेची नोटीस लागली, तेव्हा लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि प्रकरण राज्यभर गेलं. निविदांच्या अटी वाचायला अशी गर्दी जमणार नाही. ते काम पत्रकाराचं, आणि ठेकेदाराच्या फार्महाऊसवर हुरडा खाऊन आलेल्या माणसाकडून मला त्याची अपेक्षा नाही.

नानावलीकर

ताई, तुम्ही कायम पगारावर होतात. सुरगाण्याच्या, पेठच्या वार्ताहराला महिन्याचं मानधन किती ते एकदा विचारा. पेट्रोलला पुरत नाही. वर वर्धापनदिन, दिवाळी, १५ ऑगस्ट अशा प्रत्येक पुरवणीला जाहिरातींचं टार्गेट. जाहिरात देणार कोण? तोच झेडपी सदस्य, तोच बाजार समितीचा संचालक. माझा मावसभाऊ हे करत होता, शेवटी मोबाइलचं दुकान टाकलं. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया आयोगाची अधिसूचना २०११ ची, सुप्रीम कोर्टाने ती २०१४ मध्ये उचलून धरली, त्यातलं त्याच्यापर्यंत काहीही पोचलं नाही. मालकाने वसुलीला पाठवायचं आणि तुम्ही त्याला बाणा शिकवायचा, हे मला पटत नाही.

दुसरं. २०२५ च्या सप्टेंबरात त्र्यंबकेश्वरला गाडीच्या पावतीवरून पत्रकारांना मारहाण झाली. अशा वेळी तत्त्व आडवं येत नाही हो. ज्याला आमदाराला फोन लावता येतो तो वाचतो.

गोदाकाठ

मारहाणीवर आमदार हा उपाय असेल तर त्या आमदाराच्याच माणसांनी हात उचलला तेव्हा कुणाला फोन लावणार? पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केलाय. गुन्हा त्या कायद्याखाली नोंदवा म्हणून पोलीस ठाण्यासमोर सगळ्यांनी मिळून बसायचं. ते सोडून एकेकट्याने संरक्षण मागितलं की त्याची परतफेड बातमीतच करावी लागते.

चांदोरीकर

नेत्यांचं राहू द्या, कांद्याच्या बातम्या कोण लिहितं ते बोला. ‘कांद्याने गाठला अमुक हजारांचा टप्पा’ असा मथळा येतो, तो कमाल दर असतो, एखाद्या ट्रॅक्टरला मिळालेला. बाजार समिती कमाल, किमान, सरासरी तिन्ही आकडे देते. वार्ताहर लिलावात फिरकत नाही, व्यापाऱ्याच्या गाळ्यावर चहा घेतो आणि वरचा आकडा उचलतो. तोच मथळा दिल्लीपर्यंत जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना. डिसेंबरात आमच्याकडे लाल कांदा असतो, तो उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, पडेल त्या भावात द्यावाच लागतो. बंदी आली त्या दिवशी माझी पिकअप लिलावाच्या रांगेत होती. चॅनेलवाला तिच्यासमोर उभा राहून शहरातल्या गृहिणींना कसा दिलासा मिळणार ते सांगत होता. मला त्याने काहीही विचारलं नाही.

घाऊकवाला

काही झालं की व्यापारीच चोर. शुल्क आम्ही लावलं होतं का? सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही लिलाव बंद ठेवले तेव्हा एक पत्रकार आमच्या बाजूने लिहायला तयार नव्हता. बंदीच्या वेळी वाटेत अडकलेला माल आमच्या पैशाचा होता. आणि चांदोरीकर, कमाल दर वाचूनच तुम्ही लोक दुसऱ्या दिवशी गाड्या भरता. मथळ्यात सरासरी आली तर आवक निम्म्यावर येईल.

चांदोरीकर

तुम्हीच बोललात! वरचा आकडा छापला की आवक वाढते, आवक वाढली की भाव पडतो, आणि पडलेल्या भावात घेणारे तुम्ही.

घाऊकवाला

माझ्या तोंडी नसते शब्द घालू नका. मी कुणाला काय छापा म्हणून सांगत नाही.

चांदोरीकर

मग गाळ्यावरून सकाळी वार्ताहरांना मेसेज कोण पाठवतं? माझ्या भाच्याच्या मोबाइलवर येतात ते, तोही वार्ताहरच आहे. त्यात सरासरी कधीच नसते. आणि त्याच्या पुरवणीला पहिली जाहिरातही तिथूनच येते.

घाऊकवाला

जाहिरात दिली म्हणजे विकत घेतलं का? उद्यापासून बंद करतो, मग भाच्याचं टार्गेट तुम्ही भरा.

नानावलीकर

मी दुसरं काय म्हणत होतो? त्या भाच्याचं पोट त्या गाळ्यावर आहे, तो लिलावात जाऊन कुणाशी वैर घेणार?

बहुजनहिताय

स्वतंत्र पत्रकारितेचा इतका गजर चालू आहे म्हणून विचारतो, कुणापासून स्वतंत्र? १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या मदतीने. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. चळवळीत उभं राहून लिहिलं म्हणून आमचं म्हणणं जगापुढे आलं. अंतर राखणाऱ्यांनी आमच्या वस्तीकडे पाहिलंही नसतं. माझे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. त्या सत्याग्रहाच्या बातम्या कोण कशा लिहीत होतं ते आमच्या घरात अजून बोललं जातं.

गोदाकाठ

बहुजनहिताय, हा मुद्दा मी टाळणार नाही. ‘मूकनायक’ कुणासाठी निघालाय हे वाचकाला पहिल्या अंकापासून ठाऊक होतं, मदतही लपवलेली नव्हती. ‘सामना’ हातात घेणाऱ्यालाही तो कुठल्या पक्षाचा ते माहीत असतं. भूमिका घेऊन लिहिण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते वाचकापासून लपवलेल्या नात्याशी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाणांवरचे लेख वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखे आल्याचं पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं. निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशोबावरून ठपका ठेवला, पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण निरनिराळ्या नावांनी आलेला मजकूर एकच कसा, हे वाचकाला कुणी सांगितलं नाही. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी केलेला पूर्ण अहवाल बाहेर यायलाही २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

बहुजनहिताय

उघड भूमिका चालते एवढं मान्य केलंत, बरं झालं. पण वस्तीत न जाता ‘दोन्ही बाजू’ छापणाऱ्याला स्वतंत्र म्हणायला मी तयार नाही. त्याच्यावर कुणाचे उपकार नसतील, पण तो आमच्याकडे आलाच नाही, मग त्याला ठाऊक काय असणार?

नानावलीकर

लग्नाचं जेवण आणि सहल नको, चला, मानलं. हुरडाही सोडला. पण अधिस्वीकृती पत्रिकेवर, म्हणजे पत्रकाराच्या सरकारी ओळखपत्रावर, एसटीचा प्रवास फुकट, म्हाडाच्या सोडतीत पत्रकारांची राखीव घरं, हे सगळं सरकारच देतं ना? त्यावर ज्येष्ठ मंडळी एक शब्द काढत नाहीत. नियम फक्त तालुक्याच्या पोरांना.

गोदाकाठ

काढते. राखीव घर नको, त्यासाठी मी कधी अर्ज केला नाही. आणि बातमी देणारा व जाहिरात गोळा करणारा एकच माणूस असता कामा नये. पगाराचं तुमचं म्हणणं त्यापुरतं खरं आहे, त्याचा जाब मालकाला विचारायचा. पण मालक वाईट म्हणून गाळ्यावरचा आकडा न तपासता छापायची सूट कुणालाच मिळत नाही, भाच्यालाही नाही.

नानावलीकर

मग मालकांवर लिहा, नावं घेऊन. मावसभावाची सही असलेली मानधनाची पावती मी देतो.

चांदोरीकर

मालकांचं तुम्ही बघा. भाच्याला मी सांगितलंय, सोमवारी लिलावाला माझ्याबरोबर ट्रॅक्टरवर ये, तिन्ही दर स्वतःच्या कानांनी ऐक आणि सरासरी मथळ्यात दे. डेस्कवर कुणी ती बदलून कमाल टाकली तर कोणी टाकली ते इथे येऊन लिहीन.