काळ्या मातीतील घराच्या भिंतीला पडणाऱ्या भेगा

प्रश्न (दारव्हा तालुका): मागच्या भिंतीची भेग मी दरवर्षी सिमेंटने बुजवतो, तरी वैशाखात ती बोटभर उघडतेच. भिंतीलगत पपई व कढीपत्ता आहे. काय करावे?

उत्तर १: दोष सिमेंटचा नाही. रेगूर म्हणजे काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पाया वरखाली होऊन ताठर सिमेंट पुन्हा तडकते. लवचीक सीलंट (भेगा बुजवायचा लेप) वापरावे.

उत्तर २: त्याआधी झाडांची आळी भिंतीपासून दूर न्यावीत. पायालगतची वीतभर काळी माती काढून मुरूम ठोकावा आणि त्यावर बाहेर उतरता कोबा करावा. तो मात्र गवंड्याकडूनच, कारण उतार उलटा पडल्यास पावसाळ्यात पाणी पायातच मुरते.

उत्तर ३: भेग तिरकी असून रुंदावत असेल, तर आधी अभियंत्याला दाखवावी.