बेक्ड बीन्स शाकाहारी करतेय, आठ तासांनंतरही दाणे कच्चट!

पातेलंभर:
मंडळी, वाचवा. आम्ही बॉस्टनजवळ क्विन्सीला राहतो. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत, त्या दर शनिवारी बीन्स करतात. सुटलेल्या पोटाचं, अरुंद तोंडाचं मातीचं भांडं. आपल्या लोणच्याच्या बरणीची थोरली बहीणच म्हणा. सकाळी ओव्हनमध्ये जातं ते संध्याकाळी बाहेर येतं, आणि दिवसभर जिन्यात गूळ करपल्यासारखा खमंग वास. आमच्या सासूबाईंना तो वास फार आवडलाय. त्यात खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा असतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आजींकडून कृती तोंडी घेतली आणि चरबी वगळून केली. ४५० ग्रॅम नेव्ही बीन्स (घेवड्याचे छोटे पांढरे दाणे) रात्रभर भिजवले. सकाळी कांदा, मोहरीची पूड, मीठ, पाऊण कप मोलॅसिस (उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) आणि टोमॅटो प्युरी (ही माझी अक्कल) घालून थेट ओव्हनमध्ये, १५० अंश सेल्सिअसला. सहा तास झाले, मग आणखी दोन. रंग झकास, दाणे कच्चट, रस्सा कडू. सासूबाई म्हणाल्या, "कुकरला लाव की चार शिट्ट्या." पण ते आजींना कळलं तर? मोलॅसिसच्या बाटलीवर 'ब्लॅकस्ट्रॅप' लिहिलंय. कुठे चुकलं? आणि चरबीऐवजी काय घालू?

डाळिंबी_उसळ:
आमटीत चिंच कधी घालता? डाळ शिजल्यावर ना? मग इथे का घाई केलीत!

दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहजी सुटत नाही. मोलॅसिस मुळातच थोडं आंबट, शिवाय त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट आवळतं. ब्लॅकस्ट्रॅप म्हणजे तिसऱ्यांदा उकळून साखर काढल्यावर उरलेलं, त्यात कडूपणाही जास्त आणि कॅल्शियमही. वर तुमचा टोमॅटो. कच्च्या दाण्याला तुम्ही कुलूप घालून ठेवलंत. दाणे मऊ झाल्यावर मात्र हेच कुलूप कामाला येतं, म्हणून तर दिवसभर ओव्हनमध्ये राहूनही बीन्सचं पिठलं होत नाही.

आजी आधी उकळून घेत असणार, पैज लावते. तोंडी सांगताना ही पायरी हमखास गळते. आपण तरी कुणाला 'आधी तांदूळ धुवा' असं सांगतो का?

भिजवायच्या पाण्यात लिटरला एक टेबलस्पून मीठ घाला, सालं मऊ पडतात. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मंद आचेवर पाऊण-एक तास. आता चमच्यात चार दाणे घ्या आणि फुंकर मारा. साल फाटून मागे वळली की झालं. तसंच राहिलं तर अजून वेळ आहे. दाणे जुने असतील तर बराच. उकळलेलं पाणी फेकू नका.

मग भांड्यात तळाला आख्खा कांदा, वर दाणे, पाव कप साधं मोलॅसिस, दोन चमचे ब्राउन शुगर, चमचाभर मोहरीची पूड, मिरी, मीठ आणि दाणे बुडतील इतकं ते राखलेलं पाणी. झाकण लावून १५० ला चार-पाच तास, अधूनमधून पाणी बघत. शेवटचा तास झाकण काढून. टोमॅटो विसरा, तो इंग्लंडच्या डबाबंद बीन्समधला प्रकार.

चरबीऐवजी तीन टेबलस्पून तेल आणि एक टेबलस्पून सोया सॉस. स्निग्धपणा आणि खारटपणा, चरबीची कामं ही दोनच. लोक उगाच लिक्विड स्मोक (धुराच्या वासाचा अर्क) ओततात. सॉल्ट पोर्क नुसतं खारवलेलं असतं, धुरी दिलेलं असतं ते बेकन.

आणि सासूबाईंना शनिवारचं कारण सांगा. इथल्या जुन्या प्युरिटन लोकांचा, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाचा, विश्रांतीचा पवित्र दिवस शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. त्यानंतर ते चूल पेटवत नसत, रविवारी त्याच भांड्यातलं खात. शिळासप्तमीच म्हणा ना. त्यांना एकदम जवळचं वाटेल.

ऊसकरी:
कोरेगावहून लिहितोय. आमच्याकडे मोलॅसिस कोण आणणार, मी काकवी घालतो. तिच्यातली साखर काढलेली नसते, म्हणून कडूपणा नाही, पण गोडी जास्त. ब्राउन शुगर अजिबात घालू नका. दाणा वाघ्या घेवडा. शिजल्यावर त्याचे लाल पट्टे जातात, तेवढं वाईट वाटतं. कुकरची लाज कसली? दाणे कुकरला, मग मातीच्या भांड्यात.

एक मात्र ऐका. स्लो कुकरमध्ये कच्चा घेवडा किंवा राजमा टाकू नका. त्यातलं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं प्रथिन, जायला ती दहा मिनिटांची खळखळ उकळी लागतेच. माझ्या मेव्हण्याने नाही ऐकलं. रात्रभर पोट धरून बसला होता.

पातेलंभर:
परवा केले! फुंकर मारल्यावर सालं खरंच कागदासारखी वळली, सासूबाईंनी तीनदा करून बघितलं. पाच तासांत दाणे लोण्यासारखे, एकही फुटला नाही. शिळासप्तमीचं ऐकून त्या खूश, म्हणे "आपलेच लोक की मग."

वाटीभर घेऊन आम्ही दोघी खाली गेलो. आजींनी एक चमचा खाल्ला, मान डोलावली आणि विचारलं, "छान झालेत. पोर्क कुठाय?"

सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, असा माझा समज होता.