भाचा १७ चा आहे तरी सबजेलमध्ये टाकलाय, शाळेला सुट्टी, काय करू?

गॅरेजवाला_मामा
नमस्कार मंडळी. लांबलचक होईल, चार रात्री धड झोप नाहीये तर सांभाळून घ्या. माझ्या बहिणीचा मुलगा, नववीनंतर शाळा सोडली, माझ्याच गॅरेजवर पंक्चर काढतो. सोमवारी त्याला आणि अजून दोन पोरांना (ती दोघं २२-२३ ची आहेत) चोरीच्या मोटरसायकलसोबत पकडलं. गाडी ह्याने काढली की हा नुसता मागे बसलेला, मला खरंच माहीत नाही. ठाण्यात आधार बघितलं, त्यावर १/१/२००७, म्हणजे १८ पूर्ण, म्हणून तिघांना एकत्रच कोर्टात उभं केलं आणि तिथून सबजेल. आधारच्या कँपला ताईने वर्ष अंदाजे सांगितलं होतं, तिथल्या पोराने १ जानेवारी ठोकून दिलं. शाळेत १ जून २००८ आहे. मी ठाण्यात शंभर वेळा सांगितलं, तर म्हणे कागद आण. कागद कुठून आणू, एलसी कधी काढलाच नाही आणि शाळेला दिवाळीची सुट्टी. वकीलसाहेब म्हणतात घाई नको, पंधरा दिवस जाऊ दे मग रेग्युलर जामीन टाकू.
काल मुलाखत झाली. मोठ्या माणसांच्या बराकीत आहे. डाव्या डोळ्याखाली सुजलंय, विचारलं तर म्हणतो नळावर घसरलो.
आज पाचवा दिवस. कुणाला ह्यातलं माहीत असेल तर सांगा.

जुनी_फाईल
मामा, मी एका तालुका कोर्टात १९ वर्षं लिपिक होते, आता रिटायर. आधी एक ऐका, हा जामिनाचा विषयच नाहीये, वयाचा आहे. वय सिद्ध झालं की ते पोर त्या बराकीत एक रात्रसुद्धा राहू शकत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम १०, अठराच्या आतल्याला लॉकअप नाही आणि जेल तर नाहीच, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर (लहान पोरांच्या केसेस बघतं ते) न्यायचं. आणि कलम ९ म्हणतं की मी लहान आहे हे कुठल्याही कोर्टात, कधीही सांगता येतं, मग कोर्टाला चौकशी करून वय ठरवावंच लागतं. तर उद्या ज्या मॅजिस्ट्रेटनी कोठडी दिली त्यांच्याच कोर्टात अर्ज द्या. नुसतं प्रतिज्ञापत्र जोडू नका, ते ह्यात पुरावा म्हणून चालत नाही, कागदच लागतो. आणि चौकशी होईपर्यंत सुद्धा त्याला मोठ्यांपासून वेगळं, सुरक्षित ठिकाणी ठेवा अशी मागणी त्याच अर्जात करा, ते विसरू नका.
कागदाचा क्रम कलम ९४ मध्ये दिलाय. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट. ते नसेल तर ग्रामपंचायत नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची टेस्ट. आधार ह्या यादीत कुठेच नाही! सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या केसमध्ये हेच सांगितलं, आधार हा वयाचा पुरावा नाही, शाळेचा दाखला धरा.
शाळा बंद असली तरी मुख्याध्यापक गावातच असतील की. घरी जा. एलसी नको, त्याला वेळ लागेल, प्रवेश निर्गम उतारा आणि त्यावरून जन्मतारखेचा दाखला मागा, नुसता उतारा कोर्टात अडू शकतो. रजिस्टरमधली त्याची ओळ, सही शिक्का, बास. १ जून बघून कुणी हसेल, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनलाच घातलाय, पण कायद्याला तो चालतो.

खडूस_सदाशिव
मला एक कळत नाही, गाडी चोरताना पोरगं मोठं आणि पकडल्यावर लगेच बाळ. ज्याची गाडी गेली त्याचं काय? असलेच लाड करून तो पुण्यातला पोर्शेवाला पोरगा, दोघांना गाडीने उडवून, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर घरी गेला ना.

जुनी_फाईल
खडूसराव, गाडी ज्याची गेली त्याला गाडी मिळाली पाहिजे आणि चौकशी पण झाली पाहिजे, कोण नाही म्हणतंय. फक्त ती मंडळासमोर व्हायची. सोबत मोठे आरोपी आहेत म्हणून एफआयआर झाला तो पण बरोबरच, पण त्यांच्यासोबत खटला नाही चालवता येत, ह्याची केस वेगळी काढावी लागते.
आणि तो निबंध. १९ मे २०२४ ला दोन जीव गेले, लोक चिडले, मी पण चिडले होते. २२ तारखेला मंडळाने आधीची ऑर्डर फिरवून त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होमला, पाठवलं. २५ जूनला हायकोर्टाने काय म्हटलं ते मात्र फार कुणी वाचलं नाही, जामीन दिलेला असताना आत ठेवणं बेकायदेशीर म्हणून त्याला आत्याकडे सोडायला लावलं. माझा राग असा की तो कायदा त्या घराला महिन्याभरात सापडला, आणि ह्या मामांचा वकील म्हणतो पंधरा दिवस जाऊ दे.
उशीर किती होऊ शकतो सांगू? पुण्यात १९९४ ला एका घरात सात खून झाले, त्यातल्या एकाला फाशी झाली. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. २८ वर्षं आत! आणि सुटला कशावर, तर राजस्थानातल्या गावच्या शाळेच्या दाखल्यावर.

नंबर_१७
अकाउंट जुनं आहे पण कधी लिहीत नाही, आज लिहितो. मी १५ चा असताना ४ महिने रिमांड होमला होतो, कुठलं ते नको. मामा, तिथे गेला म्हणजे सुटला असं समजू नका. पहिल्या रात्री माझी चप्पल गेली, दुसऱ्या रात्री चादर. जुनी पोरं दादागिरी करायची, त्यांची भांडी आम्ही घासायची, नाही म्हटलं की दिवे गेल्यावर मार. सरांना सगळं माहीत होतं. माझी आई महिन्यातून एकदा यायची, दोन एसट्या बदलून, आणि मी तिला कायम म्हणायचो मस्त आहे. नळावर घसरलो वाचलं आणि पोटात गोळा आला. तो नळावर घसरलेला नाहीये.
डोळ्याचं आत्ताच डॉक्टरी करून घ्या, कोर्टात तोंडी सांगितलं तरी चालतं, मारलंय म्हणून तपासणी करा म्हणायचं. सूज उतरली की कोण विश्वास ठेवतो.
आणि मंडळासमोर नेलं की परिविक्षा अधिकारी, तिथे पीओ म्हणतात, घरी चौकशीला येतील. त्यांना गॅरेज दाखवा. माझ्याकडे कामाला ठेवतो, जबाबदारी घेतो हे तुमच्या तोंडून त्यांच्या रिपोर्टात गेलं पाहिजे. माझ्या वेळी असं बोलणारं कुणी नव्हतं.

जुनी_फाईल
१७, लिहिलंत ते बरं केलंत.
मामा, अजून दोन गोष्टी. अशा पोराला जामीन हा नियम आहे, नाकारायचं कारण मंडळाला लिहून द्यावं लागतं. गुन्हेगारांच्या संगतीत पडेल किंवा त्याच्या जिवाला धोका आहे असलं काही असेल तरच, आणि तुमच्या केसला ती दोन मोठी पोरं बघून नेमकं संगतीचंच कारण पुढे येईल, म्हणून १७ म्हणतात ते गॅरेजचं महत्त्वाचं. जामीनदार नसला तरी सोडता येतं. वकील हलत नसतील तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

खडूस_सदाशिव
मत बदललं नाही. पण ४० वर्षांच्या माणसांत ठेवणं चूकच आहे, तेवढं मान्य. उतारा मिळाला का?

गॅरेजवाला_मामा
मिळाला. मुख्याध्यापक पुतणीच्या साखरपुड्याला गेलेले, तिथे मांडवात गाठलं. माणूस तसाच उठला, शाळा उघडली, कपाटाची किल्ली सापडेना तर कुलूप मी गॅरेजच्या पान्याने तोडलं. रजिस्टरला वाळवी लागलीय पण त्याची ओळ शाबूत आहे, १ जून २००८, खाली ताईचा अंगठा. सरांनी हाताने उतारा आणि जन्मतारखेचा दाखला लिहिला, दोन कॉप्या, दोन शिक्के. १५१०० वरून एक मॅडम वकील मिळाल्या, म्हणाल्या सकाळी साडेदहाला कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबा, डोळ्याचं त्या स्वतः सांगणार आहेत.
ताई विचारतेय, त्याला निरीक्षणगृहात पाठवलं तर चप्पल नवी द्यावी की जुनीच? १७ दादा, तुम्ही सांगा.

नंबर_१७
जुनी द्या. आणि मागे नाव कोरून द्या, पेनाने नको, तापवलेल्या खिळ्याने.