मदत हवी आहे : प्रेशर वॉशर दहा-बारा मिनिटांनी घराची वीज पाडतोय

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिक प्रेशर वॉशरने (जोराच्या पाण्याने फरशी धुवायचं मशीन) गेले पंधरा दिवस डोकं उठवलंय. 1800 वॉटचा आहे, तीन वर्षं वापरात. मोटर कार्बन ब्रशची, प्लग तीन पिनांचा, आणि गनचा ट्रिगर सोडला की मोटर आपोआप थांबते त्या प्रकारातला. आजवर कधी तक्रार नव्हती.

आता होतं असं. सुरू केला की व्यवस्थित चालतो. प्रेशर पूर्ण, आवाज नेहमीचा, जळका वास नाही. दहा-बारा मिनिटं झाली की खाटकन सगळं बंद. बोर्डावरचा खटका वर करून लगेच सुरू केला तर पाच सेकंदही टिकत नाही. तासाभराने लावला तर मिनिटभर चालतो. आणि मशीन दोन दिवस कोरडं पडून राहिलं की पुन्हा दहा-बारा मिनिटं मिळतात. मला ही शेवटची गोष्टच महत्त्वाची वाटते आहे, पण तिचा अर्थ लावता येत नाही.

इतके दिवस मी सगळ्यांना 'एमसीबी पडतो' (म्हणजे जास्त करंट गेला की वीज तोडणारा खटका) असंच सांगत होते. काल टॉर्च घेऊन नीट बघितलं. वॉशर ज्या 16 अँपिअरच्या एमसीबीवर आहे, तो वरच असतो. पडतो तो शेजारचा रुंद, टेस्टचं बटण असलेला, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पडणारा खटका. म्हणून तर अख्ख्या घराचे दिवे जातात.

करून बघितलेलं सांगते. एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, फरक नाही. त्याच सॉकेटवर इस्त्री अर्धा तास चालवली, काही पडलं नाही. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर वॉशर लावला, तिथेही दहाव्या मिनिटाला तेच. बाहेरून वायर तपासली, कुठे चिरलेली किंवा चेपलेली नाही.

दुरुस्तीला एकांना बोलावलं होतं. त्यांनी मशीन न उघडताच सांगितलं, "प्लगमधली अर्थिंगची वायर सोडून देतो, मग नाही पडणार." मी नको म्हटलं. आमच्याकडे हा वॉशर बहुतेक वेळा आई वापरते, गच्चीवरचं शेवाळ काढायला. ओल्या फरशीवर, हातात धातूची लान्स (गनची लांब नळी). मला त्यातलं फार कळत नाही, पण खटका पडू नये म्हणून तार सोडायची हे काही मनाला पटलं नाही. मी चुकले का?

दोष नेमका कुठे असेल, आणि घरच्या घरी काय तपासता येईल, एवढं सांगा. स्क्रूड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर आहे. उघडायची तयारी आहे.

प्रतिसाद

मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते. 16 च्या जागी 25 अँपिअरचा एमसीबी टाका, सुटेल प्रश्न.

प्रतिसाद

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. एकतर ताईंचा एमसीबी पडतच नाहीये. दुसरं म्हणजे, एमसीबीचा आकडा भिंतीतल्या वायरला सोसेल इतकाच ठेवायचा असतो. वायर तीच ठेवून ब्रेकर मोठा केला तर पुढे जास्त लोड आला की ब्रेकर गप्प बसेल आणि तापेल ती वायर. 1800 वॉट म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 8 अँपिअर. 16 चा त्याला भरपूर झाला.

सुरुवातीच्या झटक्याने एमसीबी पडत असता तर तो बटण दाबल्या दाबल्या पडला असता, दहा मिनिटांनी नाही. ती तक्रार वेगळी. मोठ्या इंडक्शन मोटरच्या वॉशरला बी प्रकारचा (सुरुवातीच्या झटक्याला चटकन पडणारा) एमसीबी असेल, किंवा पंपात आधीचं प्रेशर अडकलेलं असताना सुरू केलं, तर तसं होतं. त्यावर उपाय म्हणजे ट्रिगर दाबून प्रेशर मोकळं करायचं आणि मग स्विच लावायचा.

ताई, अर्थिंगची तार सोडायला नाही म्हणालात ते अगदी बरोबर केलंत. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट जुळतोय का एवढंच बघतो. कमी परत आला तर उरलेला कुठेतरी गळतोय, सध्या तुमच्या अर्थच्या तारेतून. ती तार सोडली तर गळती थांबत नाही, तिची वाट बंद होते. मग ती मशीनच्या धातूवर वाट बघत बसते, आणि ओल्या फरशीवर उभं असलेलं माणूस हात लावेल तेव्हा त्याच्यातून जाते. तेव्हाही आरसीसीबी पडेल अशी आशा आहे, पण झटका माणसाला बसल्यावर. तसल्या दुरुस्तीवाल्याला पुन्हा घरात घेऊ नका.

प्रतिसाद

तुम्ही दोन दिवसांच्या वाळण्याचं लिहिलंय, त्यातच उत्तर आहे. आत पाणी जातंय. वाळलं की मशीन शहाणं, भिजलं की पुन्हा तेच. मोटरचं वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) जळलं असतं तर ते वाळून बरं झालं नसतं.

या प्रकारच्या वॉशरमध्ये पंप आणि मोटर एकाच अक्षावर जोडलेले असतात. पिस्टनभोवती रबरी वॉटर सील असतात. ते झिजले की प्रत्येक फेऱ्याला थेंबभर पाणी मागे येतं. पंपाच्या डोक्याजवळच एक बंद डबी असते, तिच्यात मायक्रोस्विच. ट्रिगर सोडल्यावर मोटर थांबवतो तो हाच. माझ्या हातून उघडली गेलेली बरीच मशीनं या डबीतच ओली निघाली आहेत. तिथे आधी बघा.

उघडण्याआधी प्लग काढा, नळी काढा, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडा. मशीनमध्ये कपॅसिटर असेल तर त्याच्या टोकांना हात नको.

मल्टिमीटरवर फार भिस्त ठेवू नका. तो 9 व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो आणि ओलसर इन्सुलेशन त्याला ठणठणीत दिसतं. याला मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, 500 व्होल्टवर लावलेला. प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडायच्या, दुसरं टोक अर्थ पिनेला. मशीनचा स्विच चालू स्थितीत हवा, नाहीतर फक्त वायर मोजली जाते आणि आकडा उगाच छान येतो. अर्थिंगवाल्या उपकरणाला किमान 1 मेगाओहम हवा. चाचणी दोनदा करा, एकदा कोरडं असताना आणि एकदा खटका पडल्या पडल्या.

आणखी एक. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, मानकात तेवढी मुभा आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांची थोडी थोडी गळती आधीच त्याच्यावर असते. ती उपकरणं प्लगमधून काढून एकदा वॉशर चालवा. बारा मिनिटांची वीस मिनिटं झाली तरी दोष वॉशरचाच धरा. कमी गळतीला पडत होता, तो आता जास्त गळतीला पडला, एवढाच त्याचा अर्थ.

धागाकर्तीचा प्रतिसाद, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. सापडलं!

आधी बाकीची उपकरणं काढून चालवला. चौदाव्या मिनिटाला पडला. म्हणजे वॉशरच.

ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून मेगर मागवला, ते स्वतः घेऊन आले. कोरड्या मशीनचा आकडा 60 मेगाओहमच्या वर. मग मुद्दाम खटका पडेपर्यंत चालवला, प्लग काढला आणि लगेच मोजलं, तर 0.01 च्या आसपास. त्यांनी आकडा दाखवला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. हेच मशीन आई अनवाणी वापरत होती.

कव्हर उघडलं. मायक्रोस्विचच्या डबीचं झाकण काढताच चमचाभर पाणी खाली सांडलं. आतल्या तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर, डबीच्या कोपऱ्यात क्षारांची पांढरी रेघ. त्या रेघेचा माग काढत वर गेलो तर ती पंपाच्या डोक्यापर्यंत पोचली. तीनपैकी एका पिस्टनचं सील एका बाजूने पार चपटं झालेलं, नखाने ढकललं तर कड सुटून हातात आली. थेंब तिथून ओघळून पंपाला जोडलेल्या धातूच्या पट्टीवरून थेट डबीत. ती पट्टी अर्थला जोडलेली आहे. पाणी एकीकडे स्विचच्या टोकाला आणि दुसरीकडे पट्टीला टेकलं की गळती सुरू. दहा-बारा मिनिटं म्हणजे डबी भरायला लागणारा वेळ! हे कळलं तेव्हा सगळं कोडंच उलगडलं.

तिन्ही सील, डबीच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) आणि मायक्रोस्विच नवे घातले. स्विच धुऊन-पुसून वापरता आला असता, पण हिरवी टोकं बघून धीर झाला नाही. मोटरचं वाइंडिंग दोन दिवस उन्हात वाळवलं, मग पुन्हा मेगर. काल सलग चाळीस मिनिटं चालवला. थांबवून पुन्हा मोजलं, आकडा 50 च्या वरच होता. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तोही बघितला, लगेच पडला.

आता एकच विचारायचंय. नवे सील बसवताना मी ते नुसत्या पाण्याने ओले करून घातले. ग्रीस लावायचं राहिलं. पंप पुन्हा उघडून लावू का?

प्रतिसाद

सिलिकॉन ग्रीस लावायला हवं होतं, पण फक्त त्यासाठी आत्ता पंप उघडू नका, पाणी चालू असताना सीलला तेवढं वंगण पुरतं. कधीही कोरडा चालवू नका, पाच सेकंदसुद्धा नाही. महिनाभराने एकदा कव्हर उघडून डबीखाली कोरडा कागद ठेवा आणि दहा मिनिटं काम करा. कागद कोरडा राहिला तर बिनधास्त वापरा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

कागद आजच ठेवून बघितला, कोरडा आहे. महिन्याने पुन्हा ठेवते आणि इथे कळवते. आईला रबरी बूट आणलेत, तेही ती घालते आहे.